शिवणखोलीतली हाक

१

कानवालीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तशीच बसून राहिली. समोर मीटरकाका चहा ढवळत होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चमचा थांबला.

"काय गं? उंदीर का?"

तिने काही न बोलता हेडफोन त्यांच्यापुढे सरकवला.

काकांनी तो कानाला लावला. थोडा वेळ ते नेहमीसारखेच बसले होते, मान एका बाजूला कलती, डोळे अर्धे मिटलेले. मग एकदम सरळ झाले. धक्का लागून कप कलंडला, चहा टेबलावरून ओघळत त्यांच्या पँटवर आला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

रेकॉर्डरवर एक बाई बोलत होती.

"ऐकताय का?" पहिलं वाक्य मोठ्याने, हाक मारल्यासारखं. मग धाप. मग अगदी हळू, "पडलेय हो मी. उठता येत नाहीये." पुन्हा शांतता. आणि शेवटी सगळा जीव एकवटून, "लवकर या!"

तो रेकॉर्डर आदल्या दिवशी दुपारी त्या दोघांनीच एका बंद खोलीत ठेवला होता. दाराला कुलूप, दारावर नि खिडकीवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या, पट्ट्यांवर दोघांच्या सह्या. आज सकाळी पट्ट्या जशाच्या तशा होत्या. आणि त्या खोलीत जी बाई चाळीस वर्षं शिवणकाम करत बसायची, ती आठ महिन्यांपूर्वी वारली होती.

"पुन्हा लाव," काका म्हणाले. 

"तीनदा ऐकलंय मी, काका. माणसाचाच आवाज आहे. वाऱ्याचा नाही, नळाचा नाही."

"बासष्ट घरं झाली आपली," काका म्हणाले. "बासष्ट! एकदासुद्धा..."

त्यांनी स्वतःच रेकॉर्डर पुन्हा सुरू केला.

२

कानवाली म्हणजे इस्पितळातल्या कानाच्या विभागात लोकांची ऐकण्याची तपासणी करणारी बाई. हे नाव तिला शेजाऱ्यांनी दिलं आणि तेच चिकटलं. मीटरकाकांनी चौतीस वर्षं घरोघर हिंडून विजेचे मीटर वाचले होते. दोघांना एकच खोड. कुठे भूत आहे म्हटलं की यांना तिथे जाऊन बघायचंच असायचं.

पण त्यांचे नियम कडक होते, आणि ते अंगाशी आल्यावरच झाले होते. सुरुवातीच्या काळात एका विधवा बाईच्या घरात त्यांना भिंतीतून ठकठक ऐकू आली. उत्साहाच्या भरात त्यांनी ते रेकॉर्डिंग तिला लगेच ऐकवलं, वर "काहीतरी आहे खरं" असंही म्हणाले. दोन दिवसांनी कळलं की पाण्याचा पाइप सैल होता. तोवर ती बाई घर सोडून गेली होती. परत कधीच आली नाही. तेव्हापासून घरच्यांची लेखी परवानगी घ्यायची, आधी दिवसाउजेडी जायचं, आणि शहानिशा होईपर्यंत घरच्यांना काहीही ऐकवायचं नाही. 'भूत' हा शब्द तर त्या उंबऱ्याच्या आत काढायचाच नाही. कानवाली म्हणायची, "आपण निघून जातो काका, त्यांना तिथे झोपायचं असतं."

हे प्रकरण तिच्याकडे आलं ते मात्र आडवाटेने. एक तरुण बाई तपासणीच्या केबिनमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, माझे कान तपासा. मला नसलेले आवाज ऐकू येतात."

कान ठणठणीत निघाले. मग ती रडायलाच लागली.

घरात नवरा, पाच वर्षांची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. उभं आयुष्य छापखान्यात यंत्रांच्या धडधडाटात गेलेलं, त्यामुळे ते जवळजवळ ठार बहिरे झाले होते. खिशात छोटी वही आणि पेन्सिल. ज्याला काही सांगायचं असेल त्याने त्यात लिहायचं. सासूबाई गेल्यापासून त्यांची शिवणखोली बंद होती. आणि गेले पाच आठवडे त्या बंद खोलीतून सासूबाईंची हाक येत होती. दुपारी साडेचारच्या सुमाराला.

"आधी कात्री खाली ठेवल्यासारखं वाजतं," सून म्हणाली. "टिंग. मग थोड्या वेळाने त्या म्हणतात, ऐकताय का... आणि मग, लवकर या. दाराबाहेर मला एवढंच कळतं. मी उघडून पाहिलं हो! आत कोणी नसतं."

"आणखी कोणी ऐकलंय?"

"मावशींनी. सासूबाईंची धाकटी बहीण. शेजारीच राहतात, बोळापलीकडे." सुनेने डोळे पुसले. "पण त्या म्हणतात की हे सगळं मीच करते. घर सोडून वेगळं राहता यावं म्हणून. ह्यांच्या कानावरही घातलंय त्यांनी. हे काही बोलत नाहीत, पण हल्ली माझ्याकडे बघतात ते वेगळंच बघतात."

"आणि अण्णा?"

"अण्णांना काही सांगितलंच नाही. त्यांना ऐकू तर येत नाही. उगाच जिवाला घोर कशाला?"

३

रेकॉर्डिंग हाती आल्यावर दोघं त्या घरी गेले ते तोंडाला कुलूप लावून. काय सापडलं असं सुनेने विचारलं तेव्हा कानवाली म्हणाली, "अजून तपासतोय." खोटं नव्हतं. पण सांगताना तिला सुनेच्या डोळ्यांत बघवलं नाही.

खोली त्यांनी पुन्हा नजरेखालून घातली. कशालाही हात न लावता, कारण वस्तू हलवायच्या नाहीत असं मुलाने परवानगीच्या कागदावरच लिहून दिलं होतं. आईचं जसं होतं तसं राहू द्या. मशीन, त्यावर वाकलेला दिवा, मापाची फीत, फळीवर छतापर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे. काकांनी सवयीने विजेची पाहणी केली आणि वहीत नोंदलं: एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात तीन पिना, बटणं चालू.

मग एकेकाशी बोलणं झालं.

मुलगा कामावरून मुद्दाम लवकर आला होता. "मी सात वाजता घरी येतो. मला कधीच काही ऐकू आलेलं नाही," तो म्हणाला. "आई त्या दिवशी स्टुलावरून पडली. डोक्याला लागलं. डॉक्टर म्हणाले, तत्काळ गेली असणार. त्रास झाला नाही. आम्ही तेवढ्यावरच धीर धरून आहोत हो." मग खालच्या आवाजात, "माझी बायको खोटं बोलत असेल का?"

"मला माहीत नाही," कानवाली म्हणाली. "माहीत नाही तोवर तुम्हीही ठरवू नका."

मावशी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. साठीच्या, कोरड्या, पदराच्या टोकाला सारखी गाठ मारून सोडणाऱ्या. त्यांच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून हात लांबवला तर शिवणखोलीच्या खिडकीला लागेल, एवढा अरुंद बोळ. शिवणखोलीची खिडकी मात्र त्यांची ताई गेल्यापासून घट्ट बंद होती.

"शुक्रवारी गवंडी येतोय," मावशी म्हणाल्या. "ती खोली विटांनी बुजवूनच टाकायची. भाचा हो म्हणालाय. त्या पोरीचे खेळ तरी थांबतील."

"तुम्हाला वाटतं सून करते?"

"नाहीतर काय! दोनदा सोमवारी आवाज आला नाही. का? तर दोन्ही सोमवारी ती घरात नव्हती. अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मी इथेच बसून होते. कान लावून. काही नाही!" गाठ बांधली, सोडली. "माझ्या ताईचा आवाज काढायचा म्हणजे काय! पडलेय, उठता येत नाहीये म्हणायचं... लाज वाटायला हवी."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "सोमवारचा मुद्दा बिनतोड आहे हं. मुलगा रोजच कामावर असतो, म्हणजे त्याचा संबंध नाही. मावशी त्या सोमवारी घरी होत्या. गैरहजर फक्त सून. माझं मन घेत नाही, पण..."

कानवाली बोळातच थबकली होती. तिने काकांचं मनगट इतकं घट्ट धरलं की ते कळवळले.

"काका, मावशी काय म्हणाल्या शेवटी?"

"लाज वाटायला हवी."

"त्याच्या आधी!"

काकांनी आठवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

मधलं वाक्य. ते फक्त रेकॉर्डरवर होतं. सुनेला दाराशी उभं राहूनही ते कधी कळलं नव्हतं. आणि रेकॉर्डिंग या दोघांशिवाय कोणी ऐकलेलं नव्हतं.

४

"घाई नको," रात्रभर विचार करून कानवालीने ठरवलं. "त्यांच्या खिडकीतून ते वाक्य ऐकू येतही असेल. आधी तपासू."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी चार वाजता, ती आवाज मोजायचं यंत्र घेऊन मावशींच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मावशी घरात नव्हत्या, पण त्यांनी किल्ली आणि परवानगी दोन्ही दिली होती. सुनेला कानवालीने मुद्दाम शेजारी उभं केलं. काका घराच्या मागच्या अंगाला गेले. शिवणखोलीची मागची भिंत आणि तिला लागून असलेल्या पायऱ्या अजून कोणी पाहिल्या नव्हत्या.

चार वाजून एकोणीस मिनिटं. बोळापलीकडून बारीकसं, टिंग.

सुनेने कानवालीचा दंड पकडला.

मिनिट गेलं. दुसरंही गेलं.

"ऐकताय का?"

यंत्रावरचा आकडा उडी मारून वर गेला. मग खाली आला. मधल्या वाक्याच्या जागी आकडा हललासुद्धा नाही. रस्त्यावरच्या सायकलीचा आवाज त्याहून मोठा होता. मग, "लवकर या!"

दिवसभर लोकांच्या कानांशीच काम असलेल्या कानवालीने जीव कानात आणून ऐकलं होतं. दोन बंद काचांपलीकडून मधलं वाक्य ऐकू येणं शक्यच नव्हतं. आणि सून तिच्या दंडाला लटकून थरथरत होती. तोंड मिटलेलं, हात रिकामे. म्हणजे सून नव्हती.

मग उरलं कोण?

दोन्ही सोमवारी गैरहजर फक्त सून होती, असं सगळे धरून चालले होते.  पण सून डॉक्टरकडे एकटी गेलीच नव्हती. ती कोणाला तरी घेऊन गेली होती.

तेवढ्यात बोळातून काकांची हाक आली. हाक कसली, कुजबूजच. "अगं, इकडे ये. एकटीच ये. आवाज करू नकोस." मग स्वतःलाच हसू आल्यासारखे, पण न हसता म्हणाले, "म्हणजे, आवाज केलास तरी चालेल."

५

मागच्या पायऱ्यांवर अण्णा बसले होते. पाठ या दोघांकडे. हातात मोबाइल, आणि तो त्यांनी उजव्या कानावर दाबून धरला होता. इतका, की कानाची पाळी पांढरी पडली होती. थोड्या वेळाने त्यांनी तो डाव्या कानाला लावला. मग डोळ्यांसमोर धरून पडद्याकडे पाहिलं, बटण दाबलं.

त्याच क्षणी भिंतीच्या आतून बाई बोलली. "ऐकताय का?"

अण्णांना ते ऐकू आलं नाही. ते मोबाइल कानाशी धरून डोळे मिटून बसले होते, देवळात बसावं तसे.

कानवाली तिथेच भिंतीला टेकली.  अकरा वर्षं ती घराघरांतून अशा आवाजांच्या मागे फिरली होती. पण हाक एका माणसासाठी, ती ऐकू येतेय साऱ्या घराला, आणि त्या एका माणसालाच येत नाही, असं काही असू शकेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तीन पिना," काका पुटपुटले. "मशीन एक, दिवा दोन. तिसरी कसली ते मी पाहिलंच नाही. गाढव आहे मी."

अण्णा फोन बंद करून आत गेल्यावर कानवालीने मुलाला फोन लावला आणि खोलीतली एक वस्तू हलवायची परवानगी मागितली. तिसरी वायर फळीवरच्या गठ्ठ्यांमागे गेली होती. अस्तराच्या कापडाखाली एक छोटा, गोल, वायरीशिवाय फोनला जोडला जाणारा स्पीकर होता. बारीक निळा दिवा लागलेला.

फोनवरच मुलगा म्हणाला, "तो मी अण्णांना आणला होता. बातम्या मोठ्याने ऐकता याव्यात म्हणून त्यांच्या मोबाइलला जोडून दिला. पण त्यांना त्यातूनही काही कळेना. मग आईने उचलून नेला, शिवताना गाणी ऐकायला. तिच्या फोनला जोडला." मग त्याच्या लक्षात आलं. "आईचा फोन तर तेव्हापासून बंद आहे. कपाटात."

"म्हणून तो जुन्या ओळखीवर अण्णांचा फोन पकडतो," कानवाली म्हणाली. "अण्णा फोन एरवी बंद ठेवतात. साडेचारच्या आधी चालू करतात. जोडला गेला की स्पीकर टिंग वाजतो. ती तुमच्या मिसेसना कात्री वाटली."

"पण ते ऐकतात काय?"

कानवालीने डोळे मिटले. "तुमच्या आईंचा व्हॉइस मेसेज. त्या दिवशीचा असावा. तुम्ही घरी या. बाकीचं फोनवर नको."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. 'त्रास झाला नाही' या तीन शब्दांवर आठ महिने काढलेल्या माणसाचा तो श्वास होता.

६

मुलगा येईपर्यंत तासभर होता. मावशी परत आलेल्या दिसल्या तशी कानवाली एकटीच त्यांच्या घरी गेली. चारचौघांत विचारायची ती गोष्ट नव्हती.

"मावशी, ते आवाज काय होते ते आम्हाला कळलं. सून नाही, आणि दुसरंही काही नाही. तुमच्या ताईंनी त्या दिवशी अण्णांना फोनवर बोलून निरोप ठेवला होता, लिहायचं त्राण नसावं. तो वाजतो."

मावशींच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. "म्हणजे ती... ती मला बोलवत नाही?"

"नाही." कानवाली त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. "पण मला एक विचारायचंय. 'पडलेय, उठता येत नाहीये.' हे तुम्ही काल म्हणालात. ते वाक्य बंद खिडकीतून ऐकू येत नाही. मी आज इथेच उभी राहून मोजलं. तुम्ही ते कधी ऐकलंत?"

पदराची गाठ अर्धी बांधलेली राहिली.

गॅसवरचं पाणी उकळून आटत आलं तरी मावशी हलल्या नाहीत. मग बोलल्या त्या भिंतीशी बोलल्यासारख्या.

"तेव्हा खिडकी उघडी होती."

कानवालीचा तोच अंदाज होता. 

"अठरा दिवस आम्ही बोलत नव्हतो. तिने गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, हिच्याकडे काजं करायला देऊ नका, हिचे हात कापतात आता. माझे हात! तिला शिवायला मी शिकवलं असं नाही, पण काजं माझीच, आयुष्यभर. त्या दिवशी मी भांडी घासत होते. धाडकन आवाज झाला. मग तिने हाक मारली. मला. अगं, पडलेय मी, उठता येत नाहीये. मला वाटलं, बोलायला निमित्त काढतेय. म्हटलं ओरडू दे. मारू दे नवऱ्याला हाक." मावशींनी अर्धी गाठ सोडली. "मी नळ मोठा सोडला."

कानवालीला वाटलं उठून जावं. या बाईने सहा वर्षं संसार केलेल्या सुनेवर आळ घेतला, खोलीला विटा लावायला निघाली, हे सगळं तिला आता लख्ख दिसत होतं. आणि समोर बसलेली म्हातारी पाच आठवडे रोज साडेचारला काय ऐकत होती, तेही दिसत होतं.

"मी गेले असते तर वाचली असती का?" मावशींनी विचारलं.

"मला माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही बहुतेक." कानवालीने गॅस बंद केला. "हे मी कोणालाही सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण गवंड्याला नको म्हणून कळवा. आणि सुनेचं नाव स्वच्छ करा, आजच. ते मी तुमच्यासाठी करू शकत नाही."

७

सगळे ओसरीत बसले होते. सुनेने मुलीला मैत्रिणीकडे पाठवलं होतं. कानवालीने स्पीकर समोर ठेवला आणि कसं घडलं ते सांगितलं, साध्या शब्दांत. मावशींचं नावसुद्धा तिने घेतलं नाही. मुलाने बायकोकडे पाहिलं, तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. सून मुकाट रडत राहिली.

अण्णा सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत होते. स्पीकर पाहिला, स्वतःच्या मोबाइलकडे पाहिलं आणि त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात ते म्हणाले, "हा वाजत होता होय? सगळ्यांना ऐकू येत होता?"

मुलाने मान हलवली.

"डोळ्यांच्या दवाखान्यातून निरोप येणार होता म्हणून फोन सुरू केला. तर हिचा न ऐकलेला मेसेज. चार एकवीसचा. मी त्या दिवशी वाचनालयात होतो." त्यांनी मोबाइल कानवालीपुढे धरला. "कोणाला विचारलं नाही मी. म्हटलं माझा आहे, मीच ऐकेन. कधीतरी एखादा शब्द कळेल. तुम्ही कानांच्या बाई ना? सांगा. काय म्हणते ती? दोरा आण म्हणते का?"

 कानवालीच्या मनात आलं, हो म्हणून टाकावं. पांढरा दोरा, चाळीस नंबर. काय बिघडेल? काका तिच्याकडेच बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हा निर्णय तिचाच होता.

तिने वही घेतली आणि लिहिलं: "दोरा नाही. ऐकायला अवघड आहे. सांगू का?"

अण्णांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"दोऱ्यासाठी ती फोन करतच नसे," ते म्हणाले. "लिहा."

तिने तीनही वाक्यं लिहिली, जशीच्या तशी. अण्णा वाचत असताना मुलगा मागून वाकला आणि त्याच्या तोंडातून घुसमटल्यासारखा आवाज आला. अण्णा मात्र दगडासारखे बसून होते. त्यांचं बोट तेवढं शेवटच्या दोन शब्दांवर फिरत होतं.

"म्हणजे ती लगेच गेली नव्हती."

"नाही," मुलगा म्हणाला, आणि मग आठवण होऊन त्याने नुसती मान हलवली.

तेव्हा मावशी उठल्या. दाराशी होत्या, त्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. आधी सुनेकडे वळल्या. "तुझ्यावर आळ घेतला मी. खोटा. मला ठाऊक होतं खोटा आहे ते." मग अण्णांकडे वळून बोलू लागल्या, घाईघाईने, हात जोडून. हाक, खिडकी, नळ, सगळं. सून तोंडावर हात धरून मागे सरकली. मुलगा उठून उभा राहिला.

अण्णा शांतपणे मावशींचे हलणारे ओठ पाहत होते.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले, आणि वही पुढे केली.

मावशी थांबल्या. एकदा बोलून टाकलेलं आता पुन्हा लिहायचं होतं. त्यांनी पेन्सिल घेतली. हात कापत होता, अक्षरं ओळीवर राहत नव्हती. 'तिने आधी मला हाक मारली होती. मी गेले नाही.'

अण्णांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र मऊपणा आला. "तुलाही मारली, मलाही मारली," ते म्हणाले. "आपल्या दोघांनाही ऐकू आलं नाही. काय करणार?"

मावशींनी पेन्सिल ठेवली असती तर तिथेच संपलं असतं. ओसरीतल्या कोणी तोंड उघडलं नसतं, कानवालीनेही नाही. मावशी वाकल्या आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

'मला ऐकू आलं होतं.'

अण्णांनी ती ओळ वाचली. त्यांचा श्वास मोठा झाला. त्यांना मावशींकडे बघायचं नव्हतं, पण बघत राहिले.

"कितीदा?" ते म्हणाले. "कितीदा मारली हाक?"

मावशींनी तीन बोटं वर केली.

"तीनदा." अण्णांनी मान हलवली. "आयुष्यभर मला एकेक गोष्ट तीनदा सांगायची ती. सवयच होती तिला. तीनदा झालं की मग चिडायची."

 काकांनी वायर गुंडाळायला घेतली होती, ती हातातच राहिली. मुलगा एक पाऊल पुढे आला, तशी सुनेने त्याची बाही धरली.

अण्णांनी वहीतलं ते पान फाडलं नाही. वही मिटली आणि खिशात ठेवली. मग त्या मोठ्या, सपाट आवाजात, ज्यात राग आहे की नाही हे कानवालीलाही ओळखता आलं नाही, ते मावशींना म्हणाले, "बस. उभी किती राहशील? बस इथे."

मावशींना बसायला जागा दिसेना. सुनेने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.